टेबलावर ग्लास ठेवू नये

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा फोडल्या. संध्याकाळ होती. ती फोडत होती आणि मी फोडल्यासारखं करून दाणे तोंडात टाकत होतो, म्हणून ती परात माझ्यापासून लांब सरकवत होती. परात संपली तशी उठली, चहा केला, दोन हातांत दोन ग्लास घेऊन आली. टेबलाला कमरेनं हलकाच धक्का दिला, म्हणाली, "हलवलं," आणि माझा ग्लास थेट टेबलावर ठेवला. रबराची चकती समोर पडलेली. गाडीच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या मी स्वतः कापून ठेवल्यात, घरात जिथं हात टाकाल तिथं सापडतील. मी म्हणालो, "चकती दिसत नाही का तुला?" ती म्हणाली, "हलवलं ना आता. काय होतंय?" मी ग्लास उचलला, चकती खाली सारली, बाहीनं ओलं पुसलं. तिनं माझ्याकडं बघून नाक मुरडलं आणि फुर्र करून चहा प्याली. दाणे डब्यात भरले. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. डॉक्टरनं कसलंसं नाव सांगितलं, ते मुलाला विचारा. मला ते लक्षात ठेवायचं नाही.

आता हे "हलवलं" म्हणजे काय ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. कळणारी एकच होती. म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण आठवी, तेही नापास. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं.

आम्ही सातपूरला कामगार कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. बाप कंपनीत पाळीवर. तो झोपलेला असला की घरात भांडं वाजवायचं नाही, आणि जागा असला तरी तो काही बोलायचा नाही, म्हणून आमचं घर तसं मुकंच. आवाज असायचे ते बाहेरचे. कंपनीचा भोंगा, रॉकेलच्या स्टोव्हची फरफर, नळावर बायकांची भांडणं. आई सटाण्याकडची. तिची बोली शेवटपर्यंत अहिराणीच राहिली, कॉलनीतल्या बायका हसायच्या, ती त्यांच्यावर हसायची. तिच्या हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. तो ठेचा खाल्ला की कानातून वाफ निघायची. आता दुकानात बाटलीत ठेचा मिळतो. गोड असतो. असल्या ठेच्याला काय म्हणावं मला सुचत नाही.

कॉलनीच्या पाण्याच्या टाकीशेजारी मंडळाची पत्र्याची खोली होती. गणपती, मीटिंगा, बारसं, साखरपुडा, सगळं तिथंच. एके दिवशी साहेब लोकांच्या क्लबात नवीन टेबल टेनिसचं टेबल आलं आणि जुनं त्यांनी आमच्या मंडळाला देऊन टाकलं. दोन अर्धे भाग, प्रत्येकी चार माणसांच्या डोक्यावर, असं ते कॉलनीत शिरलं तेव्हा ओट्याओट्यावर माणसं बघायला उभी. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतला मोठा पाटवर कोन जेवस?" एवढ्या मोठ्या पाटावर जेवतं कोण! सगळे हसले. पण पुढं जे झालं ते बघता कॉलनीत टेबलाबद्दल खरं बोलणारी तीच एक निघाली.

मी तेव्हा शाळा सोडलेली. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात मतभेद होते. बॅट हातात आली आणि काय झालं ते मला सांगता येत नाही. वर्गात मला पाढा विचारला की डोक्यात माती व्हायची, पण समोरून आलेला बॉल कुठं पडणार ते हाताला आधीच कळायचं. माझ्याबरोबर खेळायला इक्बाल. त्याचे वडील मालेगावचे, घरात माग, ते सोडून इकडं कंपनीत आलेले. आम्ही दोघं दुपारभर टकटक टकटक चालवायचो. पत्र्याखाली भट्टी, बनियन पिळून निघायचं. क्लार्क लोकांची पोरं कॉलेजातून यायची, माझ्याशी कधी न बोलणारी, ती येऊन विचारायची, "रघू, एक गेम देतोस?" देतोस म्हणे! मला आयुष्यात कुणी काही मागितलं ते पहिल्यांदा त्या टेबलावर.

आणि त्याच टेबलावर लोक चहा ठेवायचे.

मला आजही लिहिताना राग येतो. माणसाला समोर सपाट काही दिसलं की त्याच्या हातातला ग्लास आपोआप खाली येतो. मीटिंग झाली, ठेवला चहा. कुणाचा साखरपुडा झाला, ठेवलं मठ्ठ्याचं पातेलं. गणपतीत तर आरतीच्या तबकापासून पाण्याच्या माठापर्यंत सगळं तिथं. टेबलाचा रंग हिरवा, आत प्लायवूड. रंगाला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं, प्लाय फुगतो, आणि फुगल्या जागेवर बॉल मरतो. उसळतच नाही, शेणात पडल्यासारखा. टेबलाच्या एका कोपऱ्यात अशी जागा झालीच होती, कुणाच्या तरी बारशाची. ते बारसं झालेलं पोरगं पुढं मोठं होऊन माझ्यासमोर हिंडायचं आणि मला त्याचाच राग यायचा. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं?

मी उपाय केले नाहीत असं नाही. आधी आईची जुनी चादर टाकली. झालं उलटंच. चादर अंथरली म्हणजे इथं जेवायला वाढणार, असं समजून लोक ताटंच घेऊन यायला लागले. मग प्लास्टिक टाकलं. प्लास्टिकच्या कडेनं पाणी आत गेलं ते बाहेर यायला तयार नाही, आतल्या आत घाम फुटल्यासारखं, आणि दोन ठिकाणी रंगाला फोड. मग पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं, 'टेबलावर ग्लास ठेवू नये'. दुसऱ्या दिवशी बघतो तर कुणी शहाण्यानं तो पुठ्ठा आडवा करून त्यावर ग्लास मांडलेले. टेबलावर नाहीत ना, पुठ्ठ्यावर आहेत! मी भांडायला गेलो तर मंडळाचे सेक्रेटरी पाटणकर काका म्हणाले, "अरे, लिहिल्याप्रमाणे वागलेत की ते." शिकलेली माणसं अशी असतात.

आताही आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक टेबल आहे. पोरं कोल्ड कॉफीचे ते झाकणवाले उंच ग्लास त्याच्यावर ठेवून मोबाइल बघतात. मी दोनदा ओरडलो. मला 'टीटी आजोबा' म्हणतात. म्हणू देत. ग्लास उचलतात ना, बास.

तर त्या वर्षी चैत्रात आमची मॅच ठरली, नाशिकरोडच्या पोरांशी. आणि मॅच बघायला कंपनीचा मोठा साहेब येणार होता. तो खेळणाऱ्या पोरांना ॲप्रेंटिस म्हणून घेतो, कंपनीच्या टीममधून खेळवतो, असं सगळीकडं बोललं जायचं. आठवी नापासाला कंपनीचं दार दुसऱ्या कशानं उघडणार होतं? बाप कधी काही बोलायचा नाही, पण त्यानं त्या आठवड्यात माझे कॅनव्हासचे बूट स्वतः खडू लावून पांढरे केले. मी बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी त्याच खोलीत बायकांचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मी पाटणकर काकांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. ते म्हणाले, "मंडळ सगळ्यांचं आहे रघू. बायकांनी एक दुपार मागितली, नाही कसं म्हणू? आणि पहिला शब्द माझ्या घरातूनच आलाय." म्हणजे पाटणकर काकूंचा. मग चष्मा काढून म्हणाले, "पण एक सांगतो. टेबलाला काही झालं तर मॅच नाशिकरोडला. फुगलेलं टेबल मी साहेबाला दाखवणार नाही. आणि साहेब काही तिकडं जाणार नाही, त्याला वेळ इथल्यापुरताच आहे."

झालं. मी टेबलाचा पहारेकरी. आत बायकांची गर्दी, मोगऱ्याचा वास, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी, आणि कैरीच्या पन्ह्याची भली मोठी कळशी. पन्हं म्हणजे गूळ. सांडलं की चिकटतं, चिकटलं की पुसायला पाणी लागतं, आणि पाणी म्हणजे पुन्हा प्लाय फुगला. गौर पलीकडच्या भिंतीला आरास करून मांडलेली, टेबल मधोमध. पहिलीच बाई आली, कुंकू लावून घेतलं, पन्हं प्याली आणि ग्लास टेबलावर. मी म्हणालो, "मावशी, ग्लास तिकडं खाली ठेवा ना."

"खाली पोरं लाथाडतात."

"मग हातात धरा."

"आणि ओटी कुठल्या हातानं घेऊ? तुझ्या?"

सगळ्या खिदळल्या. मी तो ग्लास उचलेपर्यंत पलीकडं दोन आलेले. ते उचलायला गेलो तर कुणी तरी म्हणालं, "हा पोरगा उष्टे ग्लास गोळा करतोय बघा, गुणी आहे, पोरगी द्यायला हरकत नाही." मग तर ग्लास माझ्या हातातच द्यायला लागल्या. हात भरले. तेवढ्यात एकीच्या पदराचा धक्का लागला, ग्लास आडवा झाला आणि पन्हं जाळीच्या खुंटापाशी पसरलं. मी अंगातला शर्ट काढून त्याच्यावर टाकला. बायकांत उघडा उभा! कान तापले माझे.

पन्हं वाटायला शकू होती. आमच्या मागच्या ओळीत राहायची, वडील कंपनीत वॉचमन. शिवणाच्या क्लासला जायची, तोंड कात्रीसारखं. ती कळशी खाली ठेवून माझ्यापाशी आली.

"रडतोस काय रे रघू?"

"उद्याची मॅच आहे माझी. इथं सगळी वाट लागतेय आणि तुम्हाला हसू येतंय."

"बोंबलून काय होणारे? एवढ्या बायका पुरुषाचं ऐकायला जमल्यात का? सरक."

तिनं हळदीकुंकवाचा करंडा उचलला. जाळीच्या दोन्ही खुंटांपाशी टेबलाच्या कडेला बोटानं हळद लावली, वर कुंकू. चार अक्षता टाकल्या. एक पान ठेवून त्यावर मूठभर हरभरे. दोन मोगऱ्याची फुलं. आणि काही झालंच नाही अशी परत कळशीपाशी जाऊन उभी राहिली.

पुढची बाई आली. ग्लास खाली आणला, कुंकू दिसलं, हात तिथंच थांबला. "अगंबाई," म्हणाली, ग्लास मागं घेतला आणि रिकाम्या हातानं टेबलाला नमस्कार केला. उष्टा ग्लास कुंकवाच्या शेजारी कुठली बाई ठेवेल? दुसरी आली, तिनं तर जवळचं फूल वाहिलं. बघता बघता टेबलावर फुलं, हरभरे, एका म्हातारीनं पैसा ठेवला. पण ग्लास एक नाही. थेंब नाही. मी भिंतीला टेकून उभा, अंगात शर्ट नाही, आणि मला वाटलं, या पोरीच्या डोक्यावर एकदा टोपी घालून तिला साहेबाच्या खुर्चीत बसवावं.

संध्याकाळी बायका गेल्या. मी आणि इक्बाल बॅटी घेऊन, कोरडं फडकं घेऊन आलो. थोडा हात बसवावा, उद्याला बरं. तर पाटणकर काकू दारातूनच ओरडल्या, "हात लावू नका! गौर बसलीय तिथं."

मी म्हणालो, "काकू, ती शकूनं बसवली. ग्लास ठेवू नयेत म्हणून."

"कुणी का बसवेना. कुंकू लागलं ते लागलं. शंभर बायकांनी नमस्कार केलाय. त्याच्यावर तुम्ही बॉल बडवणार? आणि ती बॅट कशाची रे, कातड्याची?"

"रबराची, काकू."

इक्बाल म्हणाला, "काकू, मग मी एकटा खेळू का? मला तर तुमची गौर काय बोलणार नाही."

"तुझी अम्मी आली होती इक्बाल. पन्हं प्याली, आणि ग्लास हातातच धरून उभी राहिली. तिला कळलं ते तुला कळत नाही?"

इक्बालनं बॅट पाठीमागं लपवली. पाटणकर काकांकडं गेलो तर ते पेपरमध्ये तोंड घालून म्हणाले, "बायकांच्या मध्ये मी पडत नाही." मग मी तणतणत शकूच्या दारात. म्हटलं, "काढ ते कुंकू." ती भाकरी थापत होती. हात तसाच पिठाचा, वळून बघितलं. "कुंकू पुस म्हणतोस? संध्याकाळच्या वेळी? जीभ झडेल तुझी. लावायचं मला येतं. काढायचं येत नाही."

"मग लावलंस कशाला?"

"टेबल वाचवायला. वाचलं ना?"

वाचलं! असं वाचलं की त्याला मीच हात लावू शकत नव्हतो. इतके दिवस लोकांना सांगत होतो, टेबलावर काही ठेवू नका, आणि आता माझा बॉलसुद्धा ठेवता येईना. घरी येऊन ताटावर बसलो तर घास उतरेना. बाप जेवून उठलेला. आईला सगळं सांगितलं, शिव्या घालत सांगितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली, मग म्हणाली, "गणपती बुडावतस तव्हय काय करतस?"

"काय करतात?"

"आदी अक्षदा टाकतस, मंग मूर्ती जराशी हालावतस. हालावी का देव गया." आधी अक्षता टाकायच्या, मग मूर्ती जरा हलवायची. हलवली की देव आपल्या घरी गेला, उरली ती माती. मग भाकरी माझ्या ताटात टाकून म्हणाली, "खाय आते."

सकाळी आईनं लुगडं नेसून थेट पाटणकरांचं दार वाजवलं. दोघींत काय बोलणं झालं देव जाणे, एकीची अहिराणी आणि दुसरीची पुण्याची मराठी, पण काकू अक्षता घेऊन आल्या. शकू आली. काकूंनी हात जोडून पुटपुटत अक्षता टाकल्या, म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये गं बाई. पण तुझ्या जागेवर बस." मग टेबल हलवायचं. ते काही चौरंगावरचा गणपती नव्हतं. पायाखाली विटांचे तुकडे घालून मी ते लेव्हलला बसवलेलं. मी आणि इक्बालनं खांदा लावला तरी ढिम्म. मग आईनं पदर खोचला, शकूनं पलीकडून हात दिला, आणि कर्रर्र करून टेबल चार बोटं सरकलं. "हलवलं!" शकू एवढ्यानं ओरडली की बाहेर नळावर बायका वळून बघायला लागल्या. विटा निसटल्या, टेबल एका बाजूला कलंडलं आणि नाशिकरोडची पोरं येऊन उभी राहिली तरी मी जमिनीवर पालथा, विटा लावत होतो. कुंकू निघालं. हळद काही निघेना. रंगाच्या चिरेत गेलेली, खुंटापाशी पिवळा डाग कायमचा राहिला.

मॅच सुरू झाली. साहेब आला, पांढरी पँट, खिशात रुमाल. मी चांगला खेळत होतो. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय, पण ते खरं आहे. इक्बाल त्याच्या मॅचला हरला होता, मी पहिला गेम घेतला, दुसऱ्यात पुढं होतो. मध्ये थांबलो, पाटणकर काकांनी साहेबाला लाल सरबत दिलं. साहेब बघायला जवळ आला, अर्धं प्याला आणि ग्लास टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. बाहेरून थंड पाण्यानं ओथंबलेला ग्लास.

मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आदल्या दिवसापासून मी ज्याच्यासाठी उघडा झालो, शिव्या खाल्ल्या, देव हलवला, त्या टेबलावर ग्लास. माझ्या तोंडून गेलं, "साहेब, ग्लास उचला."

"काय?"

"ग्लास. टेबलावर ठेवायचा नाही."

पाटणकर काकांचा चेहरा चुना लावल्यासारखा. साहेबानं माझ्याकडं बघितलं, मग ग्लासाकडं, आणि ग्लास उचलला. खाली पाण्याचं गोल कडं राहिलं. मी ते शर्टाच्या टोकानं पुसलं आणि सर्व्हिस केली. तो गेम घेतला, मॅचही घेतली. साहेब टाळ्या वाजवून गेला.

कंपनीत इक्बालला घेतलं. हरलेल्या इक्बालला. त्यानं साहेबाला हसून सलाम केला होता. मला त्याचा राग नाही, त्याचं घर त्या नोकरीवर उभं राहिलं. पण साहेबाचा आहे. अजून आहे. पाटणकर काका म्हणाले, "रघ्या, तोंडानं खाल्लंस रे बाबा सगळं." त्या दिवशी जेवताना बापानं विचारलं, "उचलला का त्यानं?"

"उचलला."

"मग झालं," म्हणाला, आणि ठेच्याची वाटी माझ्याकडं सारली.

मी पुढं अंबडला एका वर्कशॉपात लेथवर लागलो, तिथंच म्हातारा झालो. शकूशी लग्न आयांनी जमवलं, पण ती सांगायची की तिनं आधीच ठरवलं होतं. "साहेबाला ग्लास उचलायला लावला तेव्हाच मी म्हटलं, हा माणूस जन्मभर डोकं खाणार." "मग केलंस कशाला?" "दुसऱ्या कुणाचं तरी डोकं खाल्लं असतं. ते बघवलं नसतं." लग्नाआधी तोंडावर 'अरे रघू' म्हणणारी, लग्नानंतर 'अहो' म्हणायला लागली, पण 'अहो' असं म्हणायची की 'अरे' बरं होतं.

मंडळाची खोली पाडली तेव्हा टेबलाचा बारशावाला अर्धा भाग सडलेला होता. दुसरा मी हातगाडीवर घालून घरी आणला. खाली पाय ठोकले, जेवायचं टेबल झालं. आईचं म्हणणं शेवटी खरं झालं, पाटच तो. घर लहान, टेबल मोठं, येणारा प्रत्येकजण त्याला आपटतो. मधली पांढरी रेघ अजून दिसते. रेघेच्या अलीकडं मी जेवायचो, पलीकडं ती. कडेला तो हळदीचा डाग, तिच्या बाजूला. आणि चकतीवरून आमचं रोजचं भांडण. मी म्हणायचो, चकती घे. ती टेबलाला कमरेनं धक्का द्यायची, "हलवलं. आता देव नाही इथं, नुसतं लाकूड आहे," आणि ग्लास ठेवायची. मी पुसायचो. संसार म्हणजे दुसरं काय असतं मला माहीत नाही.

ती गेली त्या दिवशी बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. दुपारी अमरधामला नेली. ते मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. आपल्याकडं अशा घरात चूल पेटवत नाहीत, शेजारचे चहा आणतात. शेजारच्या वहिनींनी मोठा थर्मास आणला, स्टीलचे ग्लास आणले. जो येईल तो "सोन्यासारखं मरण हो, अहेव गेली," म्हणायचा, चहा घ्यायचा, आणि ग्लास टेबलावर. तिच्या बाजूला. मी खुर्चीत बसून एकेक ग्लास खाली येताना बघत होतो. कडी उमटत होती, एकावर एक. चकत्या सुनेनं गोळा करून कुठंतरी ठेवलेल्या, पाहुणे येणार म्हणून. सून चांगली आहे, तिची चूक नाही. ती माझ्यापाशी वाकून हळू म्हणाली, "बाबा, टेबल जरा भिंतीला सरकवू का? माणसांना बसायला जागा होईल."

मी म्हणालो, "हलवायचं नाही."

"थोडंसंच, बाबा."

"सांगितलं ना, हलवायचं नाही!" मी ओरडलो. मुलगा आतून धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं.

मी उठलो. आत फळीवर तिचा करंडा होता, आदल्या दिवशी बायकांनी तिच्यासाठी काढलेला, झाकण तसंच उघडं. तो घेऊन बाहेर आलो. तिच्या बाजूचे ग्लास उचलून ज्याचे त्याच्या हातात दिले, कडी बाहीनं पुसली. जुन्या पिवळ्या डागावर बोटानं हळद लावली. वर कुंकू लावलं. वाकडं लागलं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो काका, सुतक आहे! सुतकात हे चालत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "आता ठेवा बघू कुणी ग्लास."

कुणी ठेवला नाही. माझ्या बाजूला राहिलेले होते तेसुद्धा लोकांनी गुपचूप उचलले. सुनेनं मला चहा दिला. मी तो हातातच धरला आणि टेबलापाशी उभं राहून प्यालो.